पेशंटसोबत कोण आहे?

सरकारी रुग्णालयात एक प्रश्न सारखा कानावर पडतो. कॅज्युअल्टीत स्ट्रेचर आलं की, सकाळचा राउंड सुरू झाला की, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी फॉर्मवर सही हवी असली की. "पेशंटसोबत कोण आहे?" मग व्हरांड्यातून कोणीतरी धडपडत उठतं. पायात चपला नाहीत, चादर तशीच पसरलेली, हातात एक्स-रेचं मोठं पाकीट. आणि कोणीच उठलं नाही, तर सिस्टर मला फोन करायच्या.

मी समाजसेवा अधीक्षक होते. नागपुरातल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात नोकरी केली आणि 2024 मध्ये निवृत्त झाले. हे पद बाहेर फारसं कोणाला ठाऊक नसतं. रेशन कार्ड पिवळं आहे की केशरी ते बघायचं, जीवनदायी योजनेच्या फायलीला लागणारे कागद जमवून घ्यायचे, रक्ताची सोय करायची, सुट्टी झालेल्या माणसाजवळ गावी परतायला एसटीचे पैसे आहेत का ते विचारायचं. आणि ज्याच्यासोबत कोणी नाही, त्याचं माणूस शोधायचं. गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, तिकडून बालाघाट, छिंदवाडा, सगळीकडची माणसं उपचाराला नागपूर गाठतात. काही जण येताना सोबत अर्धं गाव आणतात, काहींना बसस्टँडवरून कोणीतरी उचलून आणलेलं असतं.

मध्यंतरी भाचीनं फोनवर विचारलं, "मावशी, तुझे सगळ्यात आवडते पिक्चर कोणते गं?" मी एकेक नाव घेत गेले. घेता घेता माझ्या ध्यानात आलं की या सगळ्या पिक्चरमध्ये मला तोच प्रश्न ऐकू येतो. काळ वेगळे, करणारी माणसं वेगळी, पण आत कुठेतरी कोणीतरी विचारतंय, याच्यासोबत कोण आहे? फोनवर तिला हे नीट सांगता आलं नाही. म्हणून लिहायला बसले.

पहिलं नाव 'उंबरठा'. 1982 सालचा. मी तेव्हा अकरावीत. आत्या मला दुपारच्या शोला नागपुरात बर्डीवर घेऊन गेली होती. आत्या शाळेत शिकवायची, तिनं लग्न केलं नव्हतं, आणि आमच्या घरात पिक्चरला जायला कोणालाही विचारावं न लागणारी ती एकटीच बाई. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, विजय तेंडुलकरांची पटकथा, त्यामागे शांता निसळांची 'बेघर' ही कादंबरी, हे सगळं मला पुढं कळलं. त्या दुपारी मला फक्त स्मिता पाटील दिसली. तिनं उभी केलेली सुलभा महाजन शिकलेली, खात्यापित्या घरातली. नवरा वकील, लहान मुलगी. तरी ती घर सोडून लांबच्या गावी महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून रुजू होते.

मला काय आवडलं असेल, तर तिचं काम. तिचं टेबल, रजिस्टरं, आश्रमाचं फाटक, तिथल्या बायकांची भांडणं, वरून येणारे दबाव. एखादी बाई दिवसभर नेमकं काय करते हे पडद्यावर इतका वेळ दाखवलेलं मी तोवर पाहिलंच नव्हतं. आश्रमात येणाऱ्या बायकांच्या मागं कोणी नाही, म्हणून सुलभा त्यांच्या मागं उभी राहते. आणि सुलभाच्या मागं? चौकशी लागते, तिला बाहेर पडावं लागतं, ती घरी परतते, तर घरातली तिची जागा आता तिची राहिलेली नाही. ती परत निघते.

पिक्चर सुटल्यावर आत्या बराच वेळ गप्प होती. व्हरायटी चौकात आम्ही रस प्यायलो. ग्लास ठेवताना ती म्हणाली, "तुला असं काही काम करावंसं वाटलं, तर तुझ्या बाबांशी मी बोलीन." ती खरंच बोलली. बी.ए. झाल्यावर मी बजाजनगरातल्या समाजकार्य महाविद्यालयात एम.एस.डब्ल्यू.ला नाव घातलं, ते तिच्यामुळे.

'उंबरठा' म्हटलं की लोकांना 'सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या' आठवतं. शब्द सुरेश भटांचे. भट अमरावतीचे, पुढं नागपूरचे झाले, 2003 मध्ये इथेच गेले. रेशीमबागेतल्या सभागृहाला आता त्यांचं नाव आहे. माझं माहेर अमरावतीचं, त्यामुळे त्यांच्यावर माझा दुहेरी हक्क. पण गाण्यांच्या कार्यक्रमात ते गाणं विरहगीत म्हणून गायलं जातं तेव्हा माझा जीव तुटतो. पडद्यावर ते एका काम करणाऱ्या बाईच्या एकटेपणाचं गाणं आहे. नोकरीच्या गावी, परक्या खोलीत, दिवसभराचं काम संपल्यावरचं एकटेपण. क्वार्टरमध्ये एकटं राहिलेल्या कुठल्याही सिस्टरला विचारा, ती सांगेल तुम्हाला ते गाणं कशाबद्दल आहे.

'श्वास' आला 2004 मध्ये. सिस्टर लोकांचा एक मोठा घोळका पिक्चरला निघाला, त्यात मीही. गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. कोकणातल्या एका गावातून आजोबा आपल्या नातवाला, परशाला, शहरातल्या मोठ्या दवाखान्यात आणतात. डोळ्यांचा कॅन्सर निघतो. जीव वाचवायचा तर दोन्ही डोळे काढावे लागणार. संदीप सावंतांचा पिक्चर, आजोबा अरुण नलावडे, नातू अश्विन चितळे, डॉक्टर साने म्हणजे संदीप कुलकर्णी. 'श्यामची आई'नंतर सुवर्णकमळ मिळवणारा हा पहिला मराठी पिक्चर. भारतातर्फे ऑस्करला गेला तेव्हा खर्चासाठी लोकांनी वर्गण्या काढल्या होत्या. आमच्या वॉर्डातही डबा फिरला होता.

या आजाराची मुलं मी पाहिलेली आहेत. रेटिनोब्लास्टोमा म्हणतात. बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आतल्या लेकरांना होतो. बाहुलीत पांढरी चमक दिसते, कधी फ्लॅश मारून काढलेल्या फोटोतच ती पहिल्यांदा लक्षात येते, कधी लेकरू तिरळं पाहायला लागतं. वेळेत आणलं तर जीव तर वाचतोच, कित्येकदा डोळाही वाचवता येतो. पण खेड्यातून यायला वेळ लागतो. आधी वाट पाहिली जाते, मग तालुक्याचा डॉक्टर, मग पैशाची जुळवाजुळव, आणि मग आमचा दरवाजा. हे वाचणाऱ्या कोणाच्या घरात लहान लेकरू असेल आणि त्याच्या डोळ्यात तशी चमक दिसली, तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाला दाखवा. एवढं मी हक्कानं सांगते.

पिक्चर बघताना मी आजोबांच्या पायांकडे बघत होते. अरुण नलावड्यांनी त्या म्हाताऱ्याला काय चालायला लावलंय! कुठल्या दारातून आत जायचं ते माहीत नाही, विचारायची भीड वाटते, कोणी सांगितलं तर अर्धंच कळतं, आणि तरी पोराचा हात सुटत नाही. आमच्या ओपीडीत रोज सकाळी असे आजोबा उभे असायचे. आणि आसावरी! अमृता सुभाषनं केलेली दवाखान्यातली सोशल वर्कर. इतक्या वर्षांत माझं काम पडद्यावर मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. शेजारी बसलेल्या सिस्टरनं माझा दंड दाबला.

मला या पिक्चरमधली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती डॉक्टरांचा आग्रह. ऑपरेशनच्या आधी मुलाला सांगितलं गेलं पाहिजे. त्याला आता दिसणार नाही, हे त्याला कळलं पाहिजे. कायद्यानं लहान मुलाच्या ऑपरेशनसाठी पालकाची सही पुरते. पण डोळे त्या मुलाचे आहेत. आमच्याकडे नातेवाइकांचा कल कायम लपवण्याकडे असतो, "तिले नका सांगू मॅडम, घाबरन ते." त्यात मायाच असते, मी तिला नावं ठेवणार नाही. पण अंधारात जाग आलेल्या लेकराला जो धक्का बसतो, तो मी पाहिला आहे, आणि आधी सांगितलेलं लेकरू कसं वागतं तेही पाहिलं आहे. 'श्वास' बघितल्यावर आई-बापांना हे समजावणं मला थोडं सोपं झालं. मी त्यांना त्या आजोबांची गोष्ट सांगायची.

आणि मग आजोबा नातवाला घेऊन दवाखान्यातून नाहीसेच होतात. ऑपरेशन लांबलेलं, हातात एक दिवस आहे, या पोराच्या डोळ्यांत जेवढं जग भरता येईल तेवढं भरायचं. दवाखान्यात आरडाओरडा, डॉक्टर संतापलेले. आमच्याकडे असा पेशंट गेला की रजिस्टरात 'फरार' लिहितात.

त्यानंतर पुष्कळ दिवसांनी एटापल्लीकडचा एक बाप आला होता. मुलाच्या मांडीच्या हाडाला कॅन्सर, पाय काढायचा होता. बाप माडिया आदिवासी, मराठी तोडकंमोडकं. आदल्या दिवशी तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "बाई, पोराले रेल्वे दाखवतो. दोन पायावर उभा राहून पाहिन." गडचिरोली जिल्ह्यात तेव्हा रेल्वे म्हणजे एक वडसा. त्या मुलानं कधी गाडी पाहिलेली नव्हती. नागपूरला आले तेही एसटीनं. मी वॉर्डात गेले, निवासी डॉक्टरला सांगितलं. तरुण पोरगा होता, रात्रभर जागा असलेला. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, श्वास बघितला वाटतं तुम्ही." मी म्हटलं, "तुम्हीही बघितलेला दिसतो." त्यानं केसपेपरवर दोन तासांची परवानगी लिहून दिली आणि सोबत एक वॉर्डबॉय दिला. अजनीच्या पुलावर उभं राहून त्या मुलानं मालगाडीचे डबे मोजले. परत आल्यावर मला आकडा सांगितला, गोंडीत. वॉर्डातल्या एका बाईनं त्याचं मराठी करून सांगितलं. तो मुलगा पुढं कृत्रिम पाय बसवायला आला होता, उंच झाला होता.

'गाभ्रीचा पाऊस' (2009) मला वेगळ्या कारणानं जवळचा आहे. सतीश मनवरांनी तो आमच्या मातीत आणि आमच्या बोलीत केला. शेजारच्या शेतकऱ्यानं आत्महत्या केलेली. अलकाच्या, म्हणजे सोनाली कुलकर्णीच्या, मनात भीती बसते की आपला किसनाही असंच काही करेल. ती पोराला, दिनूला, बापाच्या मागं लावून देते. बाप शेतात गेला की दिनू मागं, बाप गावात गेला की दिनू मागं. सासू, म्हणजे ज्योती सुभाष, तीही पाळत ठेवायला. किसना, म्हणजे गिरीश कुलकर्णी, वैतागून जातो. त्याला कळतच नाही घरातल्यांना झालंय काय. आणि आपण हसतो. पोट धरून हसतो, आणि हसताना ठाऊक असतं की ही बाई कशाला घाबरली आहे.

विष घेतलेल्या माणसांच्या बायकांशी बोलणं हे माझ्या कामाचा भाग होतं. 2006 मध्ये केंद्राचं 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं, त्यात विदर्भातले सहा जिल्हे होते. त्या काळात आत्महत्येच्या बातम्या रोज आकड्यांत यायच्या, आणि मेलेल्या माणसाचं कुटुंब मदतीला 'पात्र' की 'अपात्र' हे कागदावर ठरायचं. जो वाचायचा, त्याची मोजदाद कोणी करत नसे. त्याची बायको वॉर्डाबाहेर बसलेली असायची. तिला घरी परत जाऊन पुन्हा त्याच माणसासोबत, त्याच कर्जासोबत राहायचं असायचं. त्या बाया मला विचारायच्या, "आता याच्यावर ध्यान कसं ठेवू मी? माह्यं कामही त हाय." अलका मला त्या बायांपैकीच एक वाटते. तिनं जे केलं ते वेड्यासारखं दिसतं, पण मानसोपचार विभागातले डॉक्टरही अशा घरांना हेच सांगतात, की काही दिवस माणसाला एकटं सोडू नका, शेतात फवारणीचं औषध हाताशी ठेवू नका, त्याच्याशी बोलत राहा. अलकाला हे कोणी शिकवलेलं नव्हतं.

आणखी एक. त्या पिक्चरमधली माणसं वऱ्हाडी बोलतात आणि ती बोली हशा पिकवायला वापरलेली नाही. मराठी पिक्चरमध्ये आमची बोली बोलणारा माणूस आला की तो विनोदी नोकर असणार हे आम्ही गृहीतच धरलेलं असायचं. इथे त्याच बोलीत बाई नवऱ्यावर चिडते, घाबरते, त्याला जपते. मी ते ऐकत बसते.

नागपूरची म्हणून मला हमखास विचारतात की 'झुंड' का नाही तुमच्या यादीत. 'झुंड' मी पाहिला. आपल्या वस्तीतली पोरं, आपली भाषा, वस्तीतल्या पोरांना फुटबॉल शिकवणाऱ्या विजय बारसे सरांचं काम, हे मोठ्या पडद्यावर पाहून ऊर भरून आला. पण रात्री झोप येत नसताना मी जे पिक्चर लावते, त्यांत तो नाही. ही निव्वळ माझी आवड.

रात्री झोप येत नसताना मी 'अस्तु' लावते.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा हा पिक्चर 2013 चा, पण थिएटरात यायला 2016 उजाडलं. चक्रपाणी शास्त्री संस्कृतचे मोठे पंडित. अल्झायमरनं त्यांची स्मृती जात चालली आहे. मुलगी इरा त्यांना गाडीतून घेऊन निघते, वाटेत कामासाठी उतरते. शास्त्रींना रस्त्यावरून जाणारा हत्ती दिसतो, आणि ते उतरून हत्तीच्या मागं मागं निघून जातात. इकडे मुलगी शहरभर शोधतेय, पोलीस, बहीण, नवरा, सगळे. तिकडे शास्त्री माहुताच्या झोपडीत पोचलेत. माहुताची बायको चन्नम्मा, कानडी बोलणारी, तिच्या कडेवर स्वतःचं लेकरू. शास्त्रींना तिच्यात आपली आई दिसते. आणि ती त्यांना जेवू घालते, निजवते, सांभाळते. मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ. हा आजार त्यांनी इतका आतून दाखवलाय की मला एकदाही अभिनय दिसला नाही. चन्नम्मा अमृता सुभाषनं केली, तिला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सुमित्राताई पिक्चरमध्ये येण्याआधी पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत शिकवत होत्या. आमच्याच क्षेत्रातल्या. त्यांचे पिक्चर बघताना मला ते जाणवत राहतं. त्या माणसाकडे बघताना घाई करत नाहीत.

'अस्तु' लागला तेव्हा आमचे बाबा त्याच वाटेवर होते. बाबा रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये होते. आयुष्यभर रात्रीच्या गाडीत, डाकेच्या डब्यात उभं राहून पत्रं कप्प्यांत टाकत गेले. आधी चष्मा कुठे ठेवला ते विसरायला लागले, मग जेवलो की नाही ते, मग आई वारली हे. आम्ही त्यांना अमरावतीहून आमच्याकडे त्रिमूर्तीनगरला आणलं. एका संध्याकाळी मी चहा घेऊन गेले तर त्यांनी सावरून बसत मला जागा करून दिली आणि विचारलं, "अहो, तुम्ही कुठल्या?"

मी म्हटलं, "अमरावतीची."

ते लगेच म्हणाले, "444601."

मी म्हटलं, "वर्धा?" "442001." "यवतमाळ?" "445001." भंडारा, चंद्रपूर, अकोला. एकही चुकला नाही. प्रत्येक आकड्यासोबत उजवा हात थोडा पुढं जायचा, पत्र कप्प्यात टाकावं तसा. मी विचारत राहिले आणि ते सांगत राहिले. चहा गार झाला. शास्त्रींना जगातलं काही आठवत नसतं आणि संस्कृत श्लोक मात्र ओठांवर येतात, तो प्रसंग बघताना थिएटरात मी माझ्या भावाचा हात धरला होता. त्याला सांगायची गरज नव्हती.

दिवसा बाबांजवळ एक मावशी थांबायच्या. हिंगण्याकडून यायच्या. मी दवाखान्यात इतरांच्या माणसांचं बघायची आणि माझ्या माणसाचं त्या बघायच्या. बाबांचा हात असा सारखा हवेत चालतो हे त्यांनी पाहिलं, आणि कोणी न सांगता शेजारपाजारहून जुन्या लग्नपत्रिका गोळा करून आणल्या. आमच्याकडच्या फळीवर शर्टांचे रिकामे खोके मांडले. बाबा दुपारभर पत्रिकांवरचे पत्ते वाचायचे आणि त्या खोक्यांत लावायचे. संध्याकाळी मावशी सगळ्या पत्रिका काढून पुन्हा एकत्र करून ठेवायच्या, दुसऱ्या दिवसासाठी. माझ्याकडे पदवी होती, कामाचा अनुभव होता, पण हे मला नव्हतं सुचलं. मी त्यांना एकदा 'अस्तु' दाखवला, माझ्या लॅपटॉपवर. चन्नम्मा शास्त्रींना भरवते तिथे त्या म्हणाल्या, "बराबर करते ते बाई. बुढ्याले इचारून काय उपयोग हाय, तू कोण न् कुठला? भूक लागली त द्या लागते."

पिक्चर बघून आल्यावर मी घरात एक नियम केला होता. बाबांना "मी कोण, ओळखा पाहू" असं कोणीही विचारायचं नाही. भेटायला येणारे सगळे हेच विचारतात. प्रेमानं विचारतात, पण त्या माणसाची परीक्षाच होते ती, आणि तो रोज नापास होतो. यायचं, शेजारी बसायचं, आपलं नाव आपण सांगायचं, आणि पत्रिका लावायला मदत करायची. माझ्या मुलाला हे सगळ्यात चांगलं जमलं. आजोबांच्या शेजारी बसून तो चुकीच्या खोक्यात पत्रिका टाकायचा आणि बाबा त्याला रागावून ती काढायचे. दोघांचा वेळ छान जायचा. 2019 च्या पावसाळ्यात बाबा गेले.

दवाखान्यात अशी माणसं मी पुष्कळ पाहिली, ज्यांच्या केसपेपरवर 'अनोळखी पुरुष, अंदाजे वय 65' एवढंच लिहिलेलं. पोलिसांच्या हरवल्याच्या नोंदी, फोटो, आसपासच्या जिल्ह्यांतली ठाणी, सगळीकडे फोन लावायचे. काहींची घरं सापडायची. 'अस्तु'नंतर मी या आजोबांना नाव-गाव विचारणं कमी केलं आणि त्यांचे हात बघायला लागले. एकाचे हात सारखे धागा जोडल्यासारखे चालायचे. गिरणीतला कामगार असावा म्हणून त्या वस्त्यांमध्ये चौकशी केली, आणि मुलगी सापडली.

2021 चा एप्रिल. त्या महिन्यात आमच्याकडे तो प्रश्नच बंद झाला होता. पेशंटसोबत कोणालाच येऊ देत नव्हते. नातेवाईक फाटकाबाहेर रस्त्यावर, पेशंट आत, आणि मध्ये आम्ही फोन घेऊन. प्लास्टिकच्या पिशवीत मोबाइल घालून आत पाठवायचा, व्हिडिओ लावायचा, एका बाजूला मास्कमधला चेहरा, दुसऱ्या बाजूला फाटकापाशी ओरडणारी मुलगी. तेव्हाच्या नागपूरबद्दल मला याहून जास्त लिहिता येत नाही.

त्याच महिन्यात 13 तारखेला वीरा साथीदार गेले, कोरोनानं, इथे नागपुरातच. दुसऱ्या दिवशी आंबेडकर जयंती होती. 'विद्रोही' नियतकालिकाचे संपादक, चळवळीतले कार्यकर्ते, आणि 'कोर्ट' पिक्चरमधले शाहीर. मी त्यांना सभांमध्ये लांबून पाहिलेलं. आणि त्या नंतर आठवड्याच्या आत, 19 तारखेला, पुण्यात सुमित्रा भावे गेल्या. 'कोर्ट' आणि 'अस्तु', माझ्या दोन पिक्चरमधली दोन माणसं एका आठवड्यात. मला त्या दिवसांत रडायला वेळ नव्हता, पण या दोन बातम्या वाचल्यावर मी टेबलावर डोकं ठेवून रडले.

'कोर्ट' 2015 च्या एप्रिलमध्ये लागला होता. चैतन्य ताम्हाणे या तरुण मुलाचा पहिलाच मोठा पिक्चर, आणि त्याला सुवर्णकमळ मिळालं. त्यात लोकशाहीर नारायण कांबळे म्हणजे वीरा साथीदार. त्याच्यावर आरोप काय, तर त्याचं गाणं ऐकून एका सफाई कामगारानं गटारात उतरून जीव दिला. खटला चालत राहतो. तारीख, पुढची तारीख. कांबळे फार बोलत नाही. वकील बोलतात, न्यायाधीश बोलतात, आणि तो बसून असतो.

त्या मेलेल्या कामगाराची बायको साक्षीला येते. तिची भूमिका उषा बाने यांनी केली आहे, ज्यांचा स्वतःचा नवरा हेच काम करत असताना गेला. ती सांगते की नवऱ्याला अंगावर घालायला काही मिळत नव्हतं. गटारात हवा आहे की नाही हे तो आत खडा टाकून बघायचा, झुरळं बाहेर आली की उतरायचा. तिच्या आवाजात चढउतार नाही. माझ्या टेबलासमोर बसून बायका असंच सांगायच्या. पिक्चर करणाऱ्यानं तो आवाज तसाच ठेवला, त्यात करुण संगीत घातलं नाही, यासाठी मी त्याला मनापासून मानते. वकील तिला गाडीतून घरी सोडतो, पैसे देऊ करतो. ती विचारते, काही काम असेल तर सांगा. आमच्याकडे कितीतरी बायांनी मला हेच विचारलं आहे, नवरा वॉर्डात असताना.

एप्रिल 2021 नंतर 'कोर्ट' लावायची माझी हिंमत झाली नाही. मुलगा पुण्यात नोकरीला असतो, दिवाळीला येतो आहे. त्यानं हा पिक्चर पाहिलेला नाही. भाचीलाही बोलावलं आहे. तिघं मिळून बघू. आणि आरोपीच्या जागी बसलेला तो पांढऱ्या दाढीचा माणूस दिसला की मी दोघांना सांगणार आहे, हे आपल्या नागपूरचे.